वादविवाह मंडळ

प्रज्ञाकुंज विद्यापीठात विद्यार्थी अकराशे आणि मंडळं एकोणीस. वारज्याच्या पुढे हायवेला टेकून उभ्या असलेल्या तीन इमारती. त्यांना विद्यापीठ म्हणायचं, कारण कमानीवर तसं लिहिलंय. पण मंडळांच्या बाबतीत हे विद्यापीठ कुणाला हार जाणारं नव्हतं. रोबो मंडळ होतं, गिर्यारोहण होतं, परीक्षेच्या दिवसांतही घुमणारं ढोलपथक होतं. आकाशदर्शन मंडळाने दोन वर्षांत फक्त ढग पाहिले होते, तरी त्यांचे टी-शर्ट सगळ्यांत देखणे होते. नोकरीच्या अर्जात लिहायला काहीतरी हवं, म्हणून जो तो तीन-तीन मंडळांत होता. तीनच, कारण त्याहून जास्त घ्यायला नियमाने बंदी होती.

या एकोणिसांतलं सगळ्यांत जुनं मंडळ म्हणजे वादविवाद मंडळ, आणि त्याचे सदस्य दोन. एक चेतन. तो सदाशिव पेठेतला, त्याला वाद घालायला मंडळाची गरज नव्हती, घरीच सोय होती. दुसरी सचिव अक्षता वानखडे, वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याची. बाकीचे नऊ जण भिंतीवरच्या फोटोत होते आणि एव्हाना हिंजवडीत नोकरीला लागले होते.

पहिल्या वर्षी अक्षताने वर्गात पहिलं प्रेझेंटेशन सुरू केलं ते "मी तुमाले सांगते" या शब्दांनी, आणि वर्ग हसला तो तास संपेपर्यंत. त्यानंतर चार महिने ती पुण्यात 'हो' आणि 'नाही' एवढ्यावरच राहिली. एकदा ग्रंथालयाचा अर्ज शोधत ती चुकून दालन क्रमांक सातमध्ये शिरली. तिथल्या एका सिनिअर मुलीने तिला बसवलं आणि म्हणाली, "बरी आलीस. प्रतिकूल बाजूला माणूस कमी आहे." त्या खोलीत एकच नियम होता. समोरचा बोलत असताना तीन मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही, आणि जो हसेल त्याच्या बाजूचे गुण कापायचे. अख्ख्या पुण्यात आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी ही एकच जागा आहे, हे अक्षताला त्या दिवशी कळलं. तिने त्या खोलीवर जीव जडवला, आणि तो अजून तसाच होता.

म्हणून तर सोमवारी सूचनाफलक वाचून ती वर्गात गेलीच नाही. सूचना होती विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता डॉ. बद्रीनाथ खांबेटे यांची. खांबेटे सर एक शब्द जास्त लिहीत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "नियम चार. ज्या मंडळाचे किमान वीस सदस्य नाहीत किंवा ज्याने या सत्रात जाहीर कार्यक्रम केलेला नाही, ते बरखास्त. मुदत: शनिवार, दुपारी एक."

अक्षता धावत त्यांच्याकडे गेली. "सर, आठवडासुद्धा नाहीये."

"सहा दिवस आहेत. इतके दिवस तुमचं मंडळ चालू होतं, तेव्हा काय केलंत?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण दार लावून जाल ना?"

बाहेर आमोद उभाच होता, हातात मोजपट्टी घेऊन. आमोद स्टार्टअप सेलचा अध्यक्ष. त्याच्या सेलचे नव्वद सदस्य होते, कारण पहिल्या बैठकीत पिझ्झा होता.

"यार अक्षता, नो हार्ड फीलिंग्ज," तो म्हणाला. "पण सात नंबरची रूम मस्त आहे. आम्ही तिथं आयडिएशन झोन करणार. बीन बॅग्ज वगैरे. अठरा बाय चोवीस भरली."

"मयताच्या घरी येऊन पलंग मोजतोयस होय?" अक्षता म्हणाली. तो हसला, कारण त्याला तो विनोद वाटला.

तिने त्याच दुपारी कागदावर शनिवारच्या जाहीर वादविवादाची सूचना लिहिली आणि टाइप करायला वैजनाथमामांच्या हवाली केली. वैजनाथमामा म्हणजे खांबेटे सरांच्या कार्यालयातले लिपिक. माणूस भला, कामाला वाघ, आणि लेकीसाठी दोन वर्षं मुलगा शोधून थकलेला. सूचना संकेतस्थळावर टाकायची होती. मामांनी आपणहून ती एका वर्तमानपत्राच्या 'शनिवारी शहरात' या सदरालाही पाठवून दिली. पुण्यात ते सदर वाचणारी आणि त्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला जाणारी निवृत्त मंडळी आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी अक्षता आपल्या खोलीत पोहे खात असताना फोन वाजला.

"अक्षता बोलताय का? मी रंगनाथ टिल्लू. कार्यक्रमाचं वाचलं. आधी मला सांगा, स्थळ कसं आहे?"

"चांगलं आहे काका," अक्षता घास गिळून म्हणाली. "जरा जुनं आहे, पण भक्कम."

"जुनं म्हणजे? वय काय?"

अक्षताने अंदाज बांधला. "बत्तीस वर्षं तरी झाली असतील."

"बत्तीस चालेल. आमची एकोणतीसची आहे. उंची?"

"उंची भरपूर आहे. पंख्याला हात पोचत नाही."

"वा! आणि माणसं कशी आहेत घरची?"

"माणसं नाहीयेत काका, तोच तर प्रश्न आहे. आम्ही दोघंच आहोत. आणि शनिवारनंतर तेही आमच्या हातात राहील की नाही, सांगता येत नाही. दुसरे टपलेत. एक जण तर परवा मोजपट्टी लावून मापं घेऊन गेला."

"मापं," टिल्लूकाका सावकाश म्हणाले. "इतक्या थराला गेलंय? बरं, काही दोष असेल तर आत्ताच सांगा. मागाहून कळलेलं आम्हाला चालत नाही."

अक्षताला लपवाछपवी आवडत नसे. "पावसाळ्यात एका बाजूने गळतं," ती म्हणाली.

"असो," टिल्लूकाका म्हणाले. "प्रत्यक्ष बघूनच ठरवू." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारपर्यंत असे अकरा फोन आले. चिंचवडच्या एका बाईंनी विचारलं, दोन्ही पक्ष येणार म्हणजे मुलीकडचेही ना? अक्षता म्हणाली, हो, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही. त्यावर बाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, प्रतिकूल कशाला बोलावलेत?" वादविवादाबद्दल पुण्यात इतकी आस्था आहे, हे पाहून अक्षताचा ऊर भरून आला होता. तेवढ्यात चेतन वर्तमानपत्र घेऊन आला आणि त्याने सदरावर बोट ठेवलं.

"प्रज्ञाकुंज विद्यापीठ विवाह मंडळ. जाहीर कार्यक्रम. स्थळ: दालन क्रमांक सात, दुसरा मजला. शनिवार, सकाळी अकरा. दोन्ही पक्षांनी वेळेवर उपस्थित राहावे. सदस्यनोंदणी जागेवरच. चहाची सोय आहे. संपर्क: अक्षता."

अक्षताने ते दोनदा वाचलं. मग टिल्लूकाकांचा फोन तिला पहिल्यापासून आठवला आणि तिने तोंडावर उशी धरली.

"विवाह मंडळ," चेतन म्हणाला, "आणि संपर्काला अक्षता. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. आता फक्त बँडवाल्याला सांगायचं राहिलंय."

दोघं वैजनाथमामांकडे गेले. बाहेरच्या बाकावर आमोद खोलीसाठीचा अर्ज भरत बसला होता. मामांनी कपाळाला हात लावला. झालं होतं असं की सूचना मामांनी आपल्या फोनवर टाइप केली होती, आणि दोन वर्षं त्या फोनवर ते एकच विषय टाइप करत होते, लेकीचं लग्न. 'विवा' एवढं उमटलं की पुढचा 'ह' फोन स्वतःच पुरवायचा. विद्यापीठाच्या नोंदीत 'वादविवाह मंडळ' असं गेलं. वर्तमानपत्रातल्या कुणा शहाण्याने पाहिलं, विवाहाच्या मागे वाद लागलाय, हे काही शुभ नाही, म्हणून त्याने तेवढा वाद काढून टाकला.

"मी उद्याच दुरुस्ती पाठवतो, बाळा," मामा म्हणाले. "माझ्यामुळे तुझी फजिती नको."

अक्षताने मनात हिशेब केला. फोन आले होते अकरा. म्हणजे फोन न करता येणारे तीस तरी असणार. नियम चारला हवे होते वीस.

"राहू द्या मामा," ती म्हणाली.

"अगं, हा सरळसरळ फ्रॉड आहे," चेतन म्हणाला.

"फ्रॉड नाही. शुद्धलेखनाची चूक आहे."

"पुण्यात ती फ्रॉडपेक्षा मोठी असते," चेतन म्हणाला. पण त्याचे डोळे चमकले होते, आणि अक्षताने ते पाहिलं. मनातून तिला बरं वाटत नव्हतं. लोक आशेने येणार होते. पण त्या खोलीत बीन बॅगवर लोळणारा आमोद डोळ्यांपुढे आला की तिची सदसद्विवेकबुद्धी लगेच दोन पावलं मागे सरकायची.

शनिवारी साडेदहालाच जिना माणसांनी भरला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पत्रिका, पाकिटात फोटो, डोळ्यांत पारख. चेतनने मंडईतून शेवंतीचं तोरण आणून दाराला बांधलं होतं. त्याची काही गरज नव्हती, पण त्याला मोह आवरला नाही. दालनात नेहमीप्रमाणे समोरासमोर दोन बाजूंना सतरंज्या आणि खुर्च्या होत्या, अनुकूल आणि प्रतिकूल. मंडळी आली आणि कुणी न सांगता मुलीकडचे डावीकडे, मुलाकडचे उजवीकडे बसले. टिल्लूकाका पहिल्या रांगेत होते. त्यांनी आल्या आल्या छताकडे पाहून विचारलं, "उंची कळली. आता मुलगा दाखवा." चिंचवडच्या बाई आपल्या तेहतीस वर्षांच्या अभिनवला घेऊन आल्या होत्या. तो फोनमध्ये इतकं खोल डोकं घालून बसला होता, की त्याचं फक्त टक्कल लग्नाला उभं आहे असं वाटावं.

सव्वाअकराला खांबेटे सर वही घेऊन मागे उभे राहिले. भरलेले सदस्यत्वाचे अर्ज होते एक्केचाळीस. चेतनने ते मोजून अक्षताला डोळा मारला. विद्यापीठातली बरीच मुलंही गंमत बघायला दारात जमली होती. अक्षताने माइक घेण्यासाठी हात पुढे केला, पण तो आधीच आमोदने उचलला होता.

"काका-काकू, लिसन," आमोद म्हणाला. "हे मॅरेज ब्यूरो नाहीये. हा डिबेट क्लब आहे. पेपरमध्ये मिस्टेक झाली, ती यांना गुरुवारीच कळली होती. तुम्हाला फसवून मेंबर करतायत, रूम वाचवायला. दॅट्स ऑल."

सगळ्यात वाईट म्हणजे त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

एकच गलका झाला. कुणी म्हणालं लाज वाटायला पाहिजे, कुणी म्हणालं आमची रजा गेली. खुर्च्या सरकल्या. खांबेटे सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. एकच शब्द असावा. अक्षता पुढे आली, आणि डाव्या हाताच्या तिसऱ्या रांगेत तिला राधा आत्या दिसली.

राधा आत्या म्हणजे तिच्या बाबांची धाकटी बहीण. आत्याचे यजमान चाकणला कारखान्यात होते आणि घर पिंपरीला. तिच्या मांडीवर निळा फोल्डर होता. आत्याला मुलगी नव्हती. दोन मुलगे होते, त्यातला मोठा सातवीत. म्हणजे तो फोल्डर कुणाचा, हे समजायला अक्षताला पदवीची गरज नव्हती. "यंदापासून पाहाले सुरुवात करू," असं बाबा दिवाळीत म्हणाले होते, तेव्हा ती 'हो'ही म्हणाली नाही आणि 'नाही'ही. बाबा कामाला लागले होते. बिचाऱ्या आत्यानेही पेपरात 'अक्षता' वाचलं होतं, पण आडनाव छापलेलं नसल्याने ती आपलीच असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि आता ती भाचीकडे आ वासून बघत होती.

एक्केचाळीस अर्ज तिच्या हातात होते. तिने ते टेबलावर ठेवले.

"आमोद बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "मला गुरुवारी कळलं होतं आणि मी गप्प बसले. चूक माझी आहे, मामांची नाही, पेपरची नाही. हे अर्ज ज्याचे त्याने परत घ्या. फक्त जायच्या आधी तीन मिनिटं द्या. आमच्या मंडळाचा तो एकच नियम आहे. समोरच्याचं तीन मिनिटं ऐकायचं."

"काय ऐकायचं?" कुणीतरी ओरडलं.

मग अक्षताचा तोल गेला. गेली दोन वर्षं घासूनपुसून बसवलेलं पुणेरी मराठी गळून पडलं.

"काहून नाही ऐकनार?" ती म्हणाली. "तुमी कागदं पाहाले आले ना? त्या कागदावर सारं हाय. उंची हाय, रास हाय, रंग हाय. मानूस बोलते कसा, हे कोठी हाय? मी या शहरात आली तं लोकं माह्या एका शब्दाले तासभर हसले. मंग मी बोलनंच सोडलं. या खोलीत पयल्यांदा कोनं ऐकून घेतलं. म्हून मले हे खोली पाह्यजे. बाकी मले कोनाले फसवाची हौस नाही."

ती थांबली. कुणी हसलं नाही. दारातली मुलंही हसली नाहीत. आत्याने फोल्डर मांडीवरून उचलून छातीशी धरला होता.

टिल्लूकाका उठले. सगळ्यांना वाटलं ते निघाले.

"वारज्यापर्यंत यायला मला पंचेचाळीस मिनिटं लागली," ते म्हणाले. "त्यातली वीस एका सिग्नलला. इतकं करून विवाह नाही तर नाही, निदान वाद तरी घातल्याशिवाय मी परत जाणार नाही. विषय द्या."

अक्षताने डाव्या बाजूकडे पाहिलं, उजव्या बाजूकडे पाहिलं. विषय समोरच बसला होता.

"स्थळ बघताना आधी फ्लॅट बघावा," ती म्हणाली, "की आधी मुलगा?"

पुढचा सव्वा तास दालन क्रमांक सातने असा काही पाहिला, की भिंतीवरच्या फोटोतले नऊ जण खाली उतरले असते. टिल्लूकाका फ्लॅटच्या बाजूने उभे राहिले. "मुलगा सांगतो, मी रोज सातला घरी येईन. फ्लॅट काही सांगत नाही, आहे तसा दिसतो. शिवाय आपले पूर्वज काय म्हणून गेले? घर पहावं बांधून, लग्न पहावं करून. म्हणीतसुद्धा आधी घरच आहे!" डावी बाजू टाळ्यांनी दणाणली.

चिंचवडच्या बाई तावातावाने उठल्या. "माझ्या मुलाला दोन्ही आहे. हिंजवडीत फ्लॅट. ऑफिसला पायी जातो, ट्रॅफिक नाही, कटकट नाही."

"मग इतका सुखी माणूस, त्याचं लग्न का करताय?" डावीकडून प्रश्न आला. चेतनने घंटा वाजवून हसणाऱ्यांचे गुण कापले. दोन्ही बाजूंचे कापावे लागले.

तेवढ्यात अभिनवने फोनमधून डोकं वर काढलं. तो उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "एक मुद्दा आहे. आधी फ्लॅट की आधी मुलगा, हे ठीक. पण मुलाला कुणी विचारलंय का?"

"तू आपल्या बाजूने बोल!" आई म्हणाली.

"मग मी बाजू बदलतो," अभिनव म्हणाला आणि खुर्ची उचलून मुलीकडच्यांत जाऊन बसला. तिथे त्याला लगेच कुणीतरी चहा दिला. वैजनाथमामा सबंध वेळ कोपऱ्यात उभे होते. तेही न राहवून बोलले. लेकीसाठी सव्वीस मुलगे पाहिले आणि सव्वीस वेळा तिला आधी नाही, नंतर विचारलं, असं त्यांनी सांगितलं आणि डोळे पुसले. त्यावर मात्र कुणी गुण कापायचं काढलं नाही.

पाऊण वाजत आला तशी गर्दी पातळ झाली. अख्खं पुणं एकदम तहकूब करू शकेल अशी एकच शक्ती आहे, दुपारचं जेवण. बरेच जण आपापले अर्ज खिशात घालून निघून गेले. जे उरले त्यांना अक्षताने स्पष्ट विचारलं. हे वादविवादाचं मंडळ आहे, इथे लग्नं जमत नाहीत, चालेल? टिल्लूकाकांनी पहिली सही ठोकली. "दर शनिवारी असेल ना?" ते म्हणाले. "घरी हल्ली माझ्याशी कुणी वाद घालत नाही." अभिनवने सही केली, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याच्या आईने. वैजनाथमामांनी केली.

खांबेटे सर पुढे आले. त्यांनी गठ्ठा चाळला.

"सदस्य क्रमांक तीन, वय एकाहत्तर," त्यांनी वाचलं. "पाच, वय अठ्ठावन्न. यांत विद्यार्थी कुठे आहेत?"

"सर, विद्यार्थ्यांची तीन-तीन मंडळं भरलेली आहेत," अक्षता म्हणाली. "आणि नियम चारमध्ये 'किमान वीस सदस्य' असं आहे. 'विद्यार्थी' हा शब्द नाही."

सरांनी वही उघडून नियम चार काढला. स्वतःचाच मजकूर त्यांनी तीनदा वाचला. एक शब्द जास्त लिहिला असता तर काय बिघडलं असतं, हे त्या चेहऱ्यावर प्रथमच उमटलं.

"आपला मुद्दा बरोबर आहे," ते जड आवाजात म्हणाले. "नोंदीत मंडळाचं नाव वादविवाह असं पडलंय. बदलायचं तर नवा अर्ज, नवी मुदत."

"तेच राहू द्या, सर."

"राहील. पण हे एकोणीस आहेत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आणि एक वाजायला सहा मिनिटं."

चेतनने पुन्हा मोजले. एकोणीसच होते. दारात आमोद मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळत उभा होता. सही करू शकेल असं खोलीत फक्त एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिसऱ्या रांगेत निळा फोल्डर घेऊन बसलं होतं.

अक्षता आत्याकडे गेली. आता आत्या काय म्हणेल, याची तिला खरंच भीती वाटत होती. बाबांना फोन जाणार. हे मंडळ, ही खोली, हे पुणं, सगळं आत्याच्या एका वाक्यावर होतं.

"आत्या," ती म्हणाली आणि रिकामी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"पेन दे," आत्या म्हणाली.

अक्षताने घाईघाईने अर्ज आणि पेन पुढे केलं. आत्याने अर्ज बाजूला ठेवला. निळा फोल्डर उघडून तिने आतला छापील कागद काढला आणि मांडीवर सरळ केला. वर गणपती, त्याखाली अक्षताचा, साडीतला, न हसणारा फोटो. बाबांनी कारंज्याच्या दुकानातून छापून घेतलेला. अक्षताने तो आज पहिल्यांदा पाहिला. जन्मतारीख, उंची, शिक्षण. आणि त्याखाली: "स्वभाव: शांत व मितभाषी."

आत्याने त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. मग आणखी एक मारली, चांगली जाड. वर बारीक अक्षरात सावकाश लिहिलं: "वाद घालते."

"खोटं काहून छापाव?" ती म्हणाली. कागद तिने पुन्हा फोल्डरमध्ये ठेवला, मंडळाचा अर्ज ओढून घेतला आणि विसाव्या क्रमांकावर सही केली. "दादाले मी सांगते. आता ज्याले चालन, थोच येईन."